ब्रेस्ती दाईची पाचवी ओळ

मोरथंग गावात पंचविशीच्या आतलं कुणीही घ्या, त्याच्या कानात पहिला आवाज पडला तो ब्रेस्तीचा. पंचविशीच्या पुढचं घ्या, तर ब्रेस्तीच्या आईचा, संकीचा. वरच्या घरांतलं मूल असो की खालच्या, ते हातात आलं की नाळ कापायच्या आधी दाई त्याच्या उजव्या कानाशी वाकायची आणि म्हणायची, "आलास? ये. हिवाळा लांब आहे, पण चूल पेटलेली आहे." मुलगी असली तर "आलीस?" हे म्हणायचं चिनालीत, कारण दाई नेहमी चान घरातली, आणि चानांची भाषा चिनाली. मग वरच्या घरांतले लोक लगबगीनं मडक्यात शूर पेटवायचे. शूर म्हणजे डोंगरावरचं धुपाचं झुडूप. त्याचा धूर मुलाच्या कानाभोवती तीनदा फिरवायचा, कारण खालच्या माणसांची भाषा कानात गेलेली असायची आणि ती काढून टाकायची असायची. त्यानंतर आजोबा पट्टनीत मुलाचं नाव घ्यायचे आणि मूल त्या घरचं व्हायचं.

हे इतकं जुनं होतं की त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर ब्रेस्तीलाही वाटत नव्हतं. ती धूर डोळ्यांत जाऊ नये म्हणून तोंड फिरवायची, हात धुवायची, मिळालेलं जुनं लुगडं आणि सत्तूची पुरचुंडी काखेत मारून घरी यायची. रोज जेवणात खडा येत असला की माणूस चावायचंच सावकाश शिकतो, त्यातली गत.

ती गावाच्या तळाशी, ओढ्याकाठच्या चानांच्या बारा घरांपैकी एकात जन्मली. आईच्या मागे मागे फिरून दाईपण शिकली. सरकारी शाळेत पाचवीपर्यंत गेली, तिथे मागच्या दारापाशी बसून अक्षरं जोडायला शिकली. लग्न झालं जोगरामशी, जो देवाच्या पालखीपुढे ढोल वाजवतो. दोन मुलगे झाले, दोघेही आता कुल्लूला गवंडीकाम करतात. पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद तळव्यांची बाई. मोकळी बसलेली कुणी पाहिली नाही, हातात मोज्याच्या सुया असायच्याच.

आणि भाषा म्हणाल तर सहा. चिनाली घरची. पट्टनी वरच्या घरांची. गाहरी, तिनानी आणि भोटी शेजारच्या खोऱ्यांच्या, कारण बाळंतपणं सगळीकडे असतात. लोहारी फुंचोग लोहाराच्या आईकडून, विळे धार लावून होईपर्यंत बसावं लागायचं तेव्हा. हिंदी तर रेडिओवरून कुणालाही येते, ती ब्रेस्ती मोजत नसे. यात तिला काही मोठेपणा वाटत नव्हता. ज्याला दारात उभं राहून मागायचं असतं त्यानं देणाऱ्याची भाषा शिकायची असते. देणाऱ्यांना चिनाली शिकायची गरज कधी पडली नाही. ती त्यांच्या लेखी ओढ्याच्या आवाजासारखी होती, असते, चालू राहते.

याचा एक फायदा मात्र होता, आणि चान बायकांनी तो पुरेपूर घेतला होता. बटाट्याच्या शेतात मालकीण बांधावर उभी असताना तिच्याबद्दल काय वाट्टेल ते बोलता यायचं. प्रधान म्हणजे गावचा सरपंच. त्याच्या बायकोचं, पलझोमचं, नाक बटाट्यासारखं आहे आणि पेरलं तर चांगलं पीक येईल, हे ब्रेस्ती गेली वीस वर्षं पलझोमच्या देखत बोलत आली होती. बाकीच्या बायका खाली वाकून हसायच्या. पलझोम बांधावर शांतपणे मोजे विणत असायची.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत गावात सामाजिक भवन उभं राहिलं. सगळे त्याला हॉल म्हणायचे. टिनाचं छप्पर, आत सिमेंटची फरशी, आणि समोरच्या भिंतीवर निळ्या रंगात एक पाटी: आमच्या खोऱ्याच्या भाषा. खाली चार ओळी. पट्टनी, गाहरी, तिनानी, भोटी, आणि प्रत्येकीपुढे त्या त्या भाषेत पाहुण्याचं स्वागत. पाटी रंगवली होती फुंचोग लोहारानं, कारण गावात सुबक अक्षर त्याचंच.

उद्घाटनाला सगळा गाव. चान मागच्या भिंतीला, नेहमीप्रमाणे. ब्रेस्तीनं अक्षरं जोडत पाटी वाचली. संपली तशी पुन्हा वरून वाचली. मग फुंचोगकडे पाहिलं, तर त्यानं नजर चुकवली. त्या बिचाऱ्यानं चार भाषा रंगवल्या होत्या आणि त्यात त्याचीही नव्हती.

भाषणं झाली, चहा झाला, आणि प्रधान अंगरूपनं कुणाला काही सूचना असतील तर सांगा असं म्हटलं. असं म्हणायची पद्धत असते, सूचना करायची नसते. ब्रेस्ती उठली.

"प्रधानजी, एक ओळ राहिली."

अंगरूपनं कुठली म्हणून विचारलं. आमची, म्हणाली. तो हसला. त्या हसण्यात राग नव्हता, समजूत होती, आणि तेच जास्त लागलं. तो लहान मुलाला सांगावं तसं सांगू लागला. भाषा म्हटली की तिला व्याकरण लागतं. तुमचं बोलणं म्हणजे बारा घरांचं बोलणं, निम्मं चंब्याकडून आलेलं, निम्मं आमच्याकडून उचललेलं. बारा घरांबाहेर कुणाला एक शब्द समजत नाही. उद्या बाहेरचे साहेब येतील आणि विचारतील ही कुठली भाषा, तर काय सांगायचं.

"व्याकरण नाही कसं?" ब्रेस्ती म्हणाली. "माझा धाकटा लहानपणी गाय आला, बैल आली म्हणायचा, तर मी कान पिळायची त्याचा. चूक होते म्हणजे नियम असणारच की. तुमच्या पट्टनीत बाई आली काय नि बुवा आला काय, सगळा एकच काला. आम्हाला तेवढं तरी कळतं."

मागच्या बायका फिसकन हसल्या. अंगरूपचा चेहरा ताठ झाला. ब्रेस्तीला थांबता आलं असतं, पण थांबायची वेळ निघून गेली होती.

"आणि समजत नाही म्हणता, तर तुमच्या कानात पहिला शब्द पडलाय तो माझ्या आईचा, प्रधानजी. चिनालीतला."

"म्हणून तर धूप देतात," अंगरूप म्हणाला.

सगळा हॉल हसला. मास्तर हसले, दुकानदार नोरबू हसला, ज्यांची मुलं ब्रेस्तीनं ओढून काढली होती त्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. पुढच्या रांगेत पलझोम होती. ती हसली नाही. पण बोललीही नाही, मोज्याचे टाके मोजत बसली. ब्रेस्तीला आजवर कधी आला नव्हता असा राग आला. इतकी वर्षं तो धूर तिनं रीत म्हणून पाहिला होता. त्या क्षणी तिला कळलं की तो धूर तिच्यावर होता, तिच्या आईवर होता, आणि दर खेपेला ती तोंड फिरवून त्याला वाट करून देत आली होती.

सगळ्यांचं हसून होईपर्यंत ती उभी राहिली. मग स्वच्छ पट्टनीत, एकेक शब्द मोकळा करत म्हणाली, "ती ओळ भिंतीवर येईपर्यंत मोरथंगमध्ये मी दुसऱ्या कुठल्याही भाषेत तोंड उघडणार नाही. कळलं तर ठीक. नाही कळलं तर कानाला धूप घ्या." आणि चहाचा कप पालथा ठेवून निघून गेली.

जोगरामनं घरी डोक्याला हात लावला. आपल्याला त्यांच्यातच राहायचंय, त्यांच्याच पाटाचं पाणी घ्यायचंय, त्यांच्याच लग्नात वाजवायचंय, असं तो रात्रभर सांगत होता. तिच्या हट्टानं घरात मात्र काहीच फरक पडला नाही, कारण घरात बोलायची भाषा तीच. जोगराम म्हणायचा, गावाला निदान कळत तरी नाही तुझं, मला तर सगळं समजतं.

पहिली गंमत झाली नोरबूच्या दुकानात. ब्रेस्तीनं चिनालीत मीठ मागितलं. नोरबूला काय हवंय ते दिसत होतं, मिठाचं पोतं तिच्या बोटासमोर होतं, पण त्यानं चेहरा कोरा ठेवून काडेपेटी दिली. ब्रेस्ती काडेपेटी घेऊन घरी गेली. तीन दिवस दोघांनी अळणी थुकपा खाल्ला. चौथ्या दिवशी नोरबूची बायको ओढ्यावर येऊन मिठाची पुडी ठेवून गेली, कारण तिची लेक सहा महिन्यांची पोटुशी होती आणि बाई दूरदृष्टीची होती. मग ब्रेस्ती पुन्हा दुकानात गेली आणि पुन्हा चिनालीतच तेल मागितलं. बर्फ पडेपर्यंत नोरबूला मीठ, तेल, गूळ, चहा आणि 'वजन नीट कर' एवढं चिनाली येऊ लागलं होतं.

बाकीच्या चान बायका आधी घाबरल्या, मग हसल्या, मग दोघी-तिघी तिच्या वाटेनं निघाल्या. सगळ्या नाही. ज्यांची शेतं वरच्यांच्या पाटावर होती त्यांना परवडणार नव्हतं, आणि ब्रेस्तीनं त्यांना कधी बोल लावला नाही. शेतात आता त्या गप्प बसायच्या आणि ही एकटी मोठमोठ्यानं बोलायची, समोर प्रधान असो की पोस्टमन.

अंगरूप म्हणायचा, हिवाळा लांब आहे, जीभ आपोआप वळेल. वळेना तसा त्यानं दुसरा उपाय केला. चौकीदाराला पाठवून तिची सरकारी दाईची पेटी परत मागवली. ब्रेस्तीनं पेटी उघडून दाखवली. कात्री, धागा, रबरी चादर, साबणाची वडी, सगळं जागच्या जागी. पेटी हवाली करताना चौकीदाराला शिव्याही दिल्या नाहीत, चिनालीत एवढंच म्हणाली, की बाळाला येताना पेटी लागत नाही, हात लागतात. चौकीदाराला ते समजलं नाही असं तो म्हणाला. पण वरच्या आळीत जाऊन त्यानंच ते सगळ्यांना सांगितलं.

मग खिंड बंद झाली. त्या काळी बोगदा नव्हता. एकदा रोहतांगवर बर्फ बसलं की सहा महिने आम्ही आमचे आणि आमच्या चुली आमच्या. दवाखान्यातला कंपाउंडर पहिल्या बर्फाआधीच कुल्लूला उतरायचा तो वसंतात उगवायचा. अडल्यानडल्याला हेलिकॉप्टर, तेही आभाळ मोकळं असेल तर.

अंगरूपच्या घरी पहिलं नातवंड यायचं होतं. सून रिगझिन गाहर खोऱ्यातली, बावीस वर्षांची, तिला पट्टनी जेमतेम यायची. मुलगा नोकरीला, खिंडीपलीकडे अडकलेला. अंगरूपनं ओळखी लावून सुनेसाठी हेलिकॉप्टरमध्ये जागा मिळवली होती. ब्रेस्तीची गरज लागू नये म्हणून, हे सगळ्या गावाला माहीत होतं. पण फागळीच्या सणाला आठ दिवस असताना आभाळ जे भरलं ते अकरा दिवस उघडलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ब्रेस्ती छपरावरचं बर्फ फावड्यानं खाली लोटत होती. बर्फात खणलेल्या वाटेनं फुंचोग लोहार धापा टाकत आला. त्याच्या काखेत दाईची पेटी होती. प्रधानानं निरोप काय दिला होता ते त्यानं सांगितलंच नाही, नुसती पेटी वर धरली.

ब्रेस्तीनं फावडं टेकवलं. जोगराम खाली दारात उभा होता. तो हळूच म्हणाला, आता तरी सोड हट्ट. बाळंतिणीला काय समजणार तुझं.

"नाळेशी माझं वैर नाही," ती म्हणाली. "जीव जायची वेळ आली तर तोडीन मी शब्द. पण वेळ आलीय का, ते मी बघीन. प्रधान नाही बघणार."

वाटेत तिनं फुंचोगला विचारलं, चार भाषा रंगवताना तुझा ब्रश थरथरला नाही का रे? फुंचोगला चिनाली चांगली येते. तो म्हणाला, मला चारच ओळी दिल्या होत्या. ब्रेस्ती म्हणाली, ब्रश तर तुझाच होता ना. तो पुढे होऊन तिच्यासाठी वाट तुडवत राहिला.

प्रधानाच्या घरी बाळंतपण खालच्या मजल्यावर, गुरांच्या उबेत. रिगझिन गुडघ्यांवर, लाकडी खांबाला मिठी मारून. तिच्या डोक्याशी पलझोम. अंगरूप आणि चार म्हातारे बाहेर अंगणात, शुराचं मडकं तयार ठेवून. ब्रेस्तीनं हात धुतले, पोट चाचपलं, आणि चिनालीत बोलू लागली. रिगझिनच्या डोळ्यांत भीती दिसली. मग ब्रेस्तीनं स्वतः वाकून दाखवलं, चालून दाखवलं, श्वास घेऊन दाखवला. बाईचं अंग बाईला कळतं. दुपारपर्यंत सगळं तसंच चाललं, हातवाऱ्यांवर आणि आवाजावर. आवाज तर कुठल्याही भाषेतला कळतो, मायेचा आहे की रागाचा.

दुपारी डोकं आलं. आणि ब्रेस्तीच्या बोटांना मानेभोवती नाळ लागली. एक वेढा, त्याखाली दुसरा, दोन्ही घट्ट. आता दोन्ही हात गुंतलेले. हातवारे संपले. आता रिगझिननं कळ द्यायची नव्हती, जरा थांबायचं होतं, चुलीवर फुंकर घालावी तसा तोंडानं श्वास सोडायचा होता, तेवढ्यात वेढा काढता आला असता. ब्रेस्तीनं तसं चिनालीत सांगितलं. रिगझिननं डोळे मिटले होते. तिला फक्त आवाज चढलेला कळला आणि ती आणखी जोरानं कळ देऊ लागली. बाळाचा चेहरा ब्रेस्तीच्या डोळ्यांदेखत जांभळा होऊ लागला.

वेळ आली होती. ब्रेस्तीला त्याबद्दल शंका नव्हती. चार महिने जीभ बांधली, अळणी खाल्लं, पेटी गेली, गाव हसलं, ते सगळं या एका गाहरी वाक्यात जाणार होतं आणि ते जाऊ देणं भाग होतं. तिला रडू आलं, रागानं. तिनं गाहरीत बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात रिगझिनच्या डोक्याशी आवाज आला. "कळ देऊ नको, पोरी. थांब. फुंकर घाल, चुलीवर घालतेस तशी." सुनेपायी शिकलेल्या गाहरीत. पलझोम बोलत होती. ब्रेस्तीनं सांगितलेलं जसंच्या तसं, फुंकर आणि चूल यांच्यासकट.

रिगझिन थांबली. फुंकर घालू लागली. ब्रेस्तीची बोटं वेढ्याखाली शिरली. तिनं मान वर केली तेव्हा पलझोम तिच्याकडेच पाहत होती. मग पलझोमनं चिनालीत, जराशा जुनाट, म्हातारीच्या तोंडी शोभेल अशा चिनालीत म्हटलं, "तू बोल. मी सांगते तिला."

विचार करायला सवड नव्हती. ब्रेस्ती बोलत गेली, पलझोम सांगत गेली. पहिला वेढा निघाला, दुसरा निघाला. आता दे कळ. शेवटी ब्रेस्ती प्रत्येकीला म्हणते ते म्हणाली, तिच्या आईचं वाक्य, "दगड होऊ नको, पाणी हो." आणि हे वाक्य पलझोमनं गाहरीत सांगितलंच नाही. ती ते चिनालीतच, ब्रेस्तीच्या बरोबरीनं, एका दमात म्हणाली.

मुलगी झाली. क्षणभर गप्प राहिली, मग अशी ओरडली की गोठ्यातल्या मेंढ्या उठून उभ्या राहिल्या. ब्रेस्ती तिच्या उजव्या कानाशी वाकली. "आलीस? ये. हिवाळा लांब आहे, पण चूल पेटलेली आहे."

नाळ कापून झाली, वार पडली, रिगझिनला घोंगडीत गुंडाळून निजवलं. मग ब्रेस्ती हात पुसत पलझोमसमोर जाऊन बसली.

पलझोमनं जे सांगितलं ते थोडक्यात असं. तिचं माहेर नदीपलीकडचं. आई तिला जन्म देताच वारली. बाप तेव्हा लडाखकडे घोडी घेऊन व्यापाराला. त्याच हिवाळ्यात इकडे मोरथंगमध्ये एका चान दाईनं आपलं पहिलं मूल गमावलं होतं आणि तिच्या छातीला दूध होतं. ती संकी, ब्रेस्तीची आई. पलझोमच्या घरच्यांनी तिला नेलं आणि दोघींना खालच्या मजल्यावर ठेवलं, कुणाला कळू द्यायचं नाही या अटीवर. सहा हिवाळे पलझोम तिच्या पाठीवर वाढली. मग बापानं दुसरं लग्न केलं, संकीला परत मोरथंगला पाठवलं, आणि पुढच्याच वर्षी ब्रेस्ती झाली. पलझोम चिनाली बोलली की सावत्र आई तिच्या जिभेवर शुराची राख चोळायची. महिनाभरात ती बोलायची बंद झाली. ऐकायची मात्र कधीच बंद झाली नाही.

ब्रेस्तीला आठवलं, आई कधी कधी नदीपलीकडे पाहत उभी राहायची. पहिलं मूल गेलं म्हणून, असं तिला वाटायचं. कोणतं मूल, ते तिनं कधी विचारलं नव्हतं.

"शेतातलं सगळं ऐकलंय मी," पलझोम म्हणाली. "माझ्या नाकाला बटाटा कोण म्हणायचं, तेही."

दुसरी कुणी असती तर लाजली असती. ब्रेस्तीही लाजली, पण एवढीशी. त्याखालून तोच राग वर आला, हॉलमधला, आणि तिनं आयुष्यात पहिल्यांदा पलझोमला अगंतुगं केलं.

"सगळं समजत होतं तुला. आणि त्या दिवशी हॉलमध्ये टाके मोजत बसलीस?"

पलझोमनं मान खाली घातली. राखेची चव अजून जात नाही, म्हणाली.

"माझ्या आईच्या दुधाची गेली का?"

बाहेर अंगरूपनं खाकरून विचारलं, आता धूप आत देऊ का. दार थोडं उघडलं आणि धुमसतं मडकं आत आलं, मागे अंगरूपचा हात.

पलझोम उठली. मडकं दोन्ही हातांनी घेतलं, दाराबाहेर गेली आणि सगळ्या म्हाताऱ्यांच्या समोर ते बर्फात पालथं घातलं. चर्रर्र आवाज झाला. ब्रेस्ती दारात उभी राहून पाहत होती.

"धूप नको," पलझोम म्हणाली. "ऐकलंय ते राहू दे तिच्या कानात."

अंगरूपला वाटलं बाई दमलीय, भान नाही. त्यानं तसं म्हटलंसुद्धा. तर पलझोम ब्रेस्तीकडे वळली आणि अंगणात, मोठ्यानं, चिनालीत म्हणाली, आत जा, पोरीला आईच्या छातीला लाव, हे मी बघते. म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. फुंचोग कोपऱ्यात उभा होता, तो एवढंच म्हणाला, की बारा घरांबाहेर कुणाला समजत नाही म्हणे. कुणी त्याला गप्प बस म्हटलं नाही.

"तुला येते ही?" अंगरूपनं बायकोला विचारलं.

"पहिली हीच आली," पलझोम म्हणाली. "तुमची नंतर शिकले." आणि मग सहा हिवाळ्यांची ती सगळी गोष्ट तिनं त्याला तिथेच बर्फात उभं करून सांगितली. म्हाताऱ्यांनाही जा म्हटलं नाही.

अंगरूपनं त्या दिवशी पाटीचा विषय काढला नाही. फागळीलाही नाही. माणूस वाईट नव्हता, पण चाळीस वर्षं ज्या पाटावर बसून जेवला तो खालून दुसऱ्याच लाकडाचा निघाला, तर उठायचं की बसून राहायचं हे त्याला ठरवता येईना. पलझोमनं घरात नातीशी चिनालीत बोलायला सुरुवात केली, त्यालाही तो आडवा आला नाही. ब्रेस्तीकडे त्यानं एक शाल पाठवली. ब्रेस्तीनं ती परत पाठवली आणि बरोबर पेटीतला धागा पाठवला, पाटीवरच्या एका ओळीच्या लांबीचा. ओढ्यावर पलझोम भेटली तर ती तिच्याशी बोलायची, पण अजून ताई म्हणत नव्हती. ते तिनं राखून ठेवलं होतं.

एप्रिलमध्ये वाटा उघडल्या. अंगरूपनं रंगाचा डबा मागवला. पहिल्या दिवशी भिंतीवर पाचवी ओळ उमटली, चिनाली, पण वरच्या चारांपेक्षा निम्म्या उंचीच्या अक्षरांत. ब्रेस्ती हॉलमध्ये आली, ओळ पाहिली आणि निघून गेली. नोरबूकडून चिनालीत गूळ घेतला. दुसऱ्या दिवशी फुंचोगनं ती ओळ खरवडून काढली आणि वरच्या चारांएवढी मोठी लिहिली. स्वागत म्हणून काय लिहायचं ते त्यानं पलझोमला विचारलं, आणि तिनं सांगितलं तेच लिहिलं: ये, चूल पेटलेली आहे. मग त्यानं डब्यात ब्रश बुडवला, इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणालाही न विचारता खाली सहावी ओळ लिहिली. लोहारी.

संध्याकाळी गाव पाहायला जमला. चान मागच्या भिंतीला उभे होते. ब्रेस्ती मात्र तिथे थांबली नाही. ती पुढे आली, मधल्या वाटेनं, पाटीपाशी, आणि बोट लावून सहाही ओळी सावकाश वाचल्या. ताजा निळा रंग तिच्या बोटाला लागला. अंगरूप बाजूला उभा होता, कडेवर नात.

"झालं ना समाधान?" तो पट्टनीत म्हणाला. "आता तरी आमच्याशी बोलशील?"

सहा महिन्यांनी ब्रेस्तीनं पट्टनीत तोंड उघडलं, आणि तिची पट्टनी होती तशीच होती, स्वच्छ, एकेक शब्द मोकळा.

"बोलीन की," ती म्हणाली. "मला या सहाही येतात, प्रधानजी. तुम्हाला किती येतात?"